झाडांना बुरशी हवी की गोड पाणी?

पुण्याजवळच्या वाघोलीच्या बाजूच्या एका सोसायटीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देतो.

सोसायटी नऊ वर्षांची. कंपाउंडच्या कडेने आणि आतल्या रस्त्याला साठेक झाडं आहेत: करंज, कडुनिंब, बकुळ, सोनचाफा, काही आंबे, मागच्या बाजूला लिंबं. दोन वर्षांपासून पानांचे काठ करपतात. आंबा आणि लिंबू सगळ्यांत वाईट अवस्थेत, करंज मात्र ठीक. आळ्यांत पांढरा थर दिसतो. महापालिकेचं पाणी पुरत नाही, म्हणून बोअर आणि टँकर. तीन वर्षांपूर्वी सॉफ्टनर बसवला, त्याला आठवड्याला 50 किलोची तीन पोती मीठ लागतं. बागेला सांडपाणी प्रकल्पाचं, म्हणजे एसटीपीचं पाणी दिलं जातं. कमिटीतल्या काहींचं म्हणणं आहे की माळीमामा खत घालत नाहीत म्हणून झाडं गेली, त्यांना बदला. काहींना झाडं काढून पेव्हर ब्लॉक टाकायचे आहेत आणि कुंड्यांत पाम ठेवायचे आहेत. ताईंच्या भाच्याने कुठेतरी वाचलं की मायकोरायझा नावाची बुरशी मुळांवर असली की झाड खारी जमीन सोसतं. रोपवाटिकेने या बुरशीच्या पावडरीचं कोटेशनही दिलं. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "आधीच झाडं आजारी, त्यात मुद्दाम बुरशी टाकायची?" जूनमध्ये सर्वसाधारण सभा आहे. ताई विचारतात: पावडर आणावी का, झाडं वाचतील का, आणि माळीमामांचं काय करायचं?

ताई,

तुमच्या भाच्याने वाचलं ते खरं आहे. पत्रातल्या माहितीवरून मला तरी वाटतं की माळीमामांचंही काही चुकलेलं नाही. तरीही पावडरीची ऑर्डर आज देऊ नका. कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य बुरशीबद्दलचं नाहीच, ते मिठाच्या तीन पोत्यांबद्दलचं आहे. तिथे मी येतोच. आधी अध्यक्षांच्या शंकेबद्दल बोलू, कारण ती शंका रास्त आहे आणि सभेत पुन्हा निघणार आहे.

बुरशी म्हटलं की आपल्याला भुरी, करपा, मूळकूज आठवते. मायकोरायझा हे वेगळं कुळ आहे. ही बुरशी जिवंत मुळात शिरते, पण मूळ कुजवत नाही. आंबा, कडुनिंब, करंज, चिंच, बाभूळ अशा आपल्याकडच्या बहुतेक झाडांत जी असते ती मुळाच्या पेशींत शिरून तिथे बारीक फांद्याफांद्यांची रचना करते. देवाणघेवाण त्या रचनेतून होते. झाड बुरशीला साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं, बुरशी झाडाला स्फुरद (फॉस्फरस), जस्त, पाणी आणून देते. या बुरशीला स्वतःची स्निग्धाम्लं बनवताच येत नाहीत, ती झाडाकडूनच घ्यावी लागतात, हे 2017 साली स्पष्ट झालं. झाडाशिवाय ती वाढूच शकत नाही, मग ती झाडाला मारून कशी जगेल? मायकोरायझा हे नाव 1885 मध्ये जर्मनीतल्या आल्बर्ट फ्रांक यांनी दिलं. त्यांना काम दिलं होतं ट्रफल नावाची महागडी अळंबी पिकवता येतील का ते पाहण्याचं, आणि सापडली झाडा-बुरशीची ही भागीदारी. स्कॉटलंडमध्ये सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशीच बुरशी दिसते. जमिनीवर झाडं आली तेव्हापासूनचं हे नातं आहे, एवढं अध्यक्षांना जरूर सांगा.

आता मिठाचं. खाऱ्या मातीत झाडाला तीन त्रास एकदम होतात. मातीतलं पाणी मिठामुळे मुळांना ओढून घेता येत नाही, म्हणून आळं ओलं असूनही झाड तहानलेलं राहतं. सोडियम आणि क्लोराइड पानांत साठत जातात आणि जुन्या पानांचे काठ आधी करपतात. तिसरा त्रास लक्षात यायला अवघड. सोडियम आणि पोटॅशियम मुळाच्या दारात जुळ्या भावांसारखे दिसतात. सोडियमची गर्दी झाली की पोटॅशियमला आत शिरता येत नाही, आणि पेशींतली कितीतरी कामं पोटॅशियमवाचून अडतात. पोटॅशियम कमी पडलं तरीही जुन्या पानांचे काठच करपतात. म्हणूनच "खत कमी पडलं" असा समज होतो. पण रासायनिक खत हेही शेवटी मीठच. बाजारातल्या लाल पोटॅशमध्ये, म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये, क्लोराइड भरपूर असतं. खाऱ्या आळ्यात ते टाकायचं म्हणजे क्लोराइडची आणखी भर. माळीमामांनी खत घातलं नाही, तर तुमच्या झाडांवर एक संकट कमी आलं.

बुरशी या तिन्ही ठिकाणी मदत करते. तिचे धागे मुळांच्या केसांपेक्षाही बारीक असतात आणि मुळाच्या पोहोचीपलीकडे जातात. खाऱ्या, चुनखडीच्या मातीत स्फुरद कॅल्शियमबरोबर बांधला जातो आणि मुळांना मिळत नाही, तो हे धागे मिळवतात. पोटॅशियम आणि कॅल्शियम आत घेताना ते सोडियमला मागे ठेवतात, आणि आत आलेला बराचसा सोडियम मुळांतच अडतो, पानांपर्यंत कमी जातो. मुळांच्या पेशींत पाणी आत घेणाऱ्या ज्या बारीक वाटा असतात, त्यांचं कामही बुरशीमुळे बदलतं आणि झाडात पाणी टिकतं. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी बाभळीच्या रोपांवर केलेलं काम 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. बुरशी असलेल्या रोपांच्या मुळांत आणि शेंड्यांत सोडियमच्या मानाने पोटॅशियम जास्त राहिलं आणि रोपं जास्त वाढली. त्याआधी 2004 मध्ये हादग्यावरचं त्यांचं काम आलं होतं, तेही उघड्या शेतात केलेलं. तिथे सोडियम कमी शोषला गेला आणि हिरव्या रंगाला लागणारं मॅग्नेशियम जास्त.

म्हणजे भाचा बरोबर. मग मी थांबा का म्हणतो?

पहिलं कारण: ही बुरशी झाडाला मीठ सोसायला मदत करते, मातीतलं मीठ काढून टाकत नाही. पत्रातल्या "बुरशी मीठ खाऊन टाकते का" या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. माती जितकी खारी आज आहे तितकीच पावडर टाकल्यावरही राहते. रोज वरून मीठ पडत राहिलं तर सोसण्याची हद्द कधीतरी संपते, बुरशी असो वा नसो.

दुसरं, मीठ बुरशीलाही सोसत नाही. माती खारी झाली की तिचे बीजाणू रुजायचं प्रमाण घटतं, धागे कमी वाढतात. पाकिटातली बुरशी प्रयोगशाळेत किंवा रोपवाटिकेत गोड्या पाण्यावर वाढलेली असते. तिला थेट तुमच्या पांढऱ्या थराच्या आळ्यात टाकलं तर किती जगेल? खाऱ्या जागी आपोआप टिकून राहिलेली बुरशी अशा ठिकाणी जास्त भरवशाची.

तिसरं, वर सांगितलेले प्रयोग रोपांवरचे आहेत. खारी माती लागण्याआधीच किंवा त्याच वेळी मुळांना बुरशी मिळालेली होती. तुमची झाडं वयात आलेली आहेत. आणि झाडाने बुरशीला खाऊ घालायचं ते पानांत तयार झालेल्या साखरेतून. ज्या आंब्याची अर्धी पानं करपली आहेत तो या नव्या पाहुण्याला काय देणार?

पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की तुमच्या झाडांच्या मुळांवर ही बुरशी नाही. मला वाटतं, ती आहे. रोपवाटिकेतल्या पिशवीच्या मातीबरोबर ती सहसा येतेच, आणि इतक्या वर्षांत वाऱ्याने, पाण्याने, किड्यामुंग्यांनीही येते. फरक एवढाच की तुमच्याकडे ती हलाखीत असेल. नव्या सोसायट्यांच्या कडेची माती म्हणजे बहुधा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा, वर लाल मातीचा एक पातळ थर. सिमेंटमुळे त्याचा पीएचही, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडाही, चढलेला असतो. अशा जागी रुजलेल्या बुरशीला आपण जगू दिलं तरी पुष्कळ झालं. ते जगू देणं कसं, हे पुढे सांगतो.

आता ती तीन पोती.

सॉफ्टनरच्या टाकीत राळेचे बारीक मणी असतात. त्यांच्यावर सोडियम बसवलेला असतो. बोअरचं जड पाणी त्यांच्यातून गेलं की पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांवर अडकतं आणि सोडियम पाण्यात उतरतो. मणी भरले की त्यांच्यावरून मिठाचं पाणी सोडून त्यांना पुन्हा तयार करतात, त्याला रिजनरेशन म्हणतात. हिशेब सरळ आहे. कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात 100 मिलिग्रॅम कठीणपणा काढला की दर लिटरला सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतो. समजा तुमच्या बोअरचा कठीणपणा 500 असेल, तर नळातून येणाऱ्या दर लिटरमध्ये 230 मिलिग्रॅम जादा सोडियम. आणि मिठात वजनाने सुमारे 39 टक्के सोडियम असतो. आठवड्याला 150 किलो मीठ म्हणजे जवळजवळ 59 किलो सोडियम, बाकी क्लोराइड. वर्षाचं मीठ मोजलं तर पावणेआठ टनांच्या वर जातं.

हे मीठ कुठे जातं, हा प्रश्न सभेत विचारा. काही घराघरांतल्या नळांतून, काही रिजनरेशनच्या सांडपाण्यातून, पण दोन्ही वाटा बहुधा एसटीपीलाच मिळतात. एसटीपीतले जिवाणू सेंद्रिय घाण खातात. विरघळलेलं मीठ मात्र ते काढू शकत नाहीत. पाणी स्वच्छ दिसतं, वास येत नाही, पण मीठ तसंच असतं. तेच पाणी तुमच्या बागेत जातं. पाण्याची वाफ होते, झाडं पाणी पितात, मीठ मागे राहतं. आळ्यातला पांढरा थर तोच.

यात आणखी एक मेख आहे. चिकण मातीचे कण कॅल्शियममुळे एकत्र धरलेले राहतात आणि पाणी मुरतं. सोडियम वाढला की कण विखुरतात, माती ओली असताना चिकट गारा आणि वाळली की दगड होते. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. सॉफ्टनर पाण्यातून नेमका तोच कॅल्शियम काढतो ज्याची मातीला गरज असते. बोअरचं पाणी गीझरला वाईट असेल, भांड्यांवर डाग पाडत असेल, पण झाडांना ते सॉफ्टनरच्या पाण्यापेक्षा बहुतेक वेळा बरं. तीन वर्षांपूर्वी सॉफ्टनर आला आणि दोन वर्षांपासून पानं करपू लागली, हा क्रम तुम्हीच लिहिला आहे. मी इथे बसून निदान पक्कं करू शकत नाही, पण पहिला संशय याच्यावर आणि तो सोपा तपासून पाहता येतो.

म्हणून पावडरीच्या पैशातून आधी चाचणी करून घ्या. एक बिघडलेल्या आंब्याचं आळं आणि एक ठणठणीत करंजाचं आळं निवडा. दोन्हीकडून 30 सेंटिमीटरपर्यंतची आणि 30 ते 60 सेंटिमीटरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत अर्धा अर्धा किलो घ्या. पांढरा थर त्यात मिसळू नका, वेगळा ठेवा. पाण्याच्या तीन बाटल्या घ्या: बोअरचं, सॉफ्टनरनंतरचं आणि बागेच्या नळाचं. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विभागाच्या मृद चाचणी कार्यालयात चौकशी करा. नारायणगाव आणि बारामतीला कृषी विज्ञान केंद्रंही आहेत. मातीचा पीएच, ईसी (विद्युतवाहकता, तिच्यावरून विरघळलेलं मीठ किती ते कळतं) आणि विनिमयक्षम सोडियमची, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची, टक्केवारी मागा. पाण्यासाठी ईसी, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि एसएआर, म्हणजे सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी गुणोत्तर.

अहवाल हाती आला की एवढं पाहा. संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची, ईसी 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर माती क्षारयुक्त. पीएच 8.5 च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. काळ्या मातीत त्याहून कमी सोडियमलाही निचरा बिघडतो. पुष्कळ प्रयोगशाळा एकास अडीच या प्रमाणात माती-पाणी मिसळून ईसी काढतात. त्या पद्धतीने आकडा बराच कमी येतो, तो 4 शी ताडून "सगळं ठीक" असं समजू नका. कोणती पद्धत वापरली ते विचारून घ्या.

हे सगळं जूनच्या आत व्हायला हवं, याचं कारण पाऊस. पावसाच्या पाण्यात मीठ जवळपास नसतंच. जितक्या खोलीचं पाणी मातीत मुरेल, तितक्याच खोलीच्या मातीतलं साधारण 80 टक्के मीठ खाली वाहून जातं, असा जुना ठोकताळा आहे. शिवाजीनगरला वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तुमच्या पूर्वेच्या बाजूला त्याहून कमी. पण तो मुरला तर उपयोग. फरशी आणि डांबरावरून वाहून गटारात गेला तर काय? म्हणून मृगाच्या आधी आळी फांद्यांच्या घेरापर्यंत मोठी करा, पांढरा थर खरवडून कंपाउंडबाहेर टाका आणि शक्य असेल तिथे गच्चीच्या पन्हळीचं पाणी आळ्यांकडे वळवा. मात्र माती चोपण निघाली तर नुसतं पावसाचं पाणी पुरत नाही. उलट मिठाशिवायच्या पाण्याने सोडियमचा चिखल आणखी बसतो. तेव्हा पावसाआधी जिप्सम मिसळावं लागतं, म्हणजे त्यातला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकावतो आणि पाऊस त्याला खाली नेतो. किती टाकायचं ते अहवालावरून तज्ज्ञ सांगतील. शेजारच्या सोसायटीने टाकलं तितकं टाकू नका.

पाण्याचं काम थोडं खर्चाचं आहे, पण सभेने ठराव करावा असं काम हेच आहे. बागेसाठी सॉफ्टनरच्या आधीच बोअरच्या पाण्याची वेगळी लाइन काढता येते का ते प्लंबरला विचारा. रिजनरेशनचं खारं पाणी एसटीपीत आणि तिथून बागेत जाणार नाही अशी व्यवस्था हवी. ते कुठे सोडायचं हे एसटीपीच्या सल्लागाराला आणि मंजुरीच्या अटींना धरून ठरवा. फ्लशच्या टाक्यांना सॉफ्ट पाणी लागत नाही, तिथेही बचत होते. सॉफ्टनर घड्याळाप्रमाणे रिजनरेट होत असेल तर पाणी वापरलं असो वा नसो, मीठ जातंच. वापराच्या मीटरवर चालणाऱ्या यंत्राला मीठ कमी लागतं. म्हणजे मीठ विकत घेण्याचा खर्चही घटेल. खजिनदारांना हे आकड्यांनिशी दाखवा, ते तुमच्या बाजूने येतील.

झाडं काढायच्या प्रस्तावाबद्दल. 1975 च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाडं तोडता येत नाहीत, मग ती सोसायटीच्या जागेत का असेनात. हे सभेत आधीच सांगून टाका. आणि पामच्या कुंड्यांनाही तेच पाणी मिळणार आहे. कुंडीत मीठ जमिनीपेक्षा लवकर साठतं, कारण त्याला खाली जायला जागा नसते. पेव्हर ब्लॉकने जमीन झाकली की पावसाने मीठ धुऊन जाण्याची जी एक वाट आहे तीही बंद. या दोन्ही उपायांनी तुमचे पैसे जातील आणि तक्रार राहील. एखादा आंबा खरंच गेला तर त्या जागी परवानगीने करंज, कडुनिंब किंवा चिकू लावा. आंबा आणि लिंबूवर्गीय झाडं मिठाला फार नाजूक असतात. करंज, कडुनिंब, चिकू मात्र बरंच सोसतात.

आता बुरशीकडे परत येतो. पाणी सुधारायला लागल्यावर तिचा खरा उपयोग आहे, आणि तो मला तुम्हाला मनापासून करून पाहायला सांगायचा आहे.

तुमच्या कंपाउंडमध्येच एक करंज आहे जो याच पाण्यावर ठीक उभा आहे. करंज मुळातच काटक, पण त्याच्या मुळांवरची बुरशीही याच खाऱ्या मातीत टिकलेली आहे. बुंध्यापाशी छत्रीसारखी कडक अळंबी, डिंक किंवा कूज नाही ना ते आधी नीट पाहा, असेल तर त्या झाडाला हात लावू नका. नसेल तर त्याच्या घेराखालून वरच्या 15-20 सेंटिमीटरमधली, बारीक मुळं असलेली थोडी माती घ्या. ती वाळू-मातीच्या मिश्रणात मिसळून दोन-तीन मोठ्या ग्रो बॅगमध्ये ज्वारी पेरा. ज्वारीची मुळं दाट असतात आणि तिच्यावर ही बुरशी छान वाढते. स्फुरदाचं खत अजिबात घालू नका, भरपूर स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला थारा देत नाही. साधारण तीन महिन्यांनी पाणी तोडा, ज्वारी वाळू द्या, ताटं कापून टाका आणि मुळं बारीक चिरून त्याच मातीत मिसळा. ही तुमची घरची मायकोरायझा. पावसाळा संपता संपता, माती ओली असतानाच, झाडाच्या घेराच्या कडेला हातभर अंतरावर छोटे खड्डे घेऊन बारीक मुळांना लागेल अशी ती घाला. बुंध्याला किंवा पानांवर टाकून उपयोग नाही, जिवंत मुळाशी गाठ पडली तरच ती रुजते.

पाकीट आणायचंच असेल तर रोपं लावताना आणा, तिथे त्याचा फायदा जास्त. बुरशीचं नाव, जिवंत बीजाणूंची संख्या आणि मुदत लिहिलेली असेल तेच घ्या, आणि उन्हात ठेवलेलं घेऊ नका. सगळ्या झाडांना एकदम घालू नका. पाच झाडांना घाला, त्याच जातीच्या दुसऱ्या पाच झाडांना घालू नका, पाणी दोन्ही गटांना सारखं. फांदीला रंगीत फीत बांधा आणि दर महिन्याला त्याच फांदीचा फोटो काढा. तुमच्या भाच्यालाच हे काम द्या. वर्षभरात सोसायटीला स्वतःचा पुरावा मिळेल.

आणि आहे ती बुरशी जगवायची ती अशी: आळ्यांत दर महिन्याला कुदळणी नको, त्याने धाग्यांचं जाळं तुटतं. गवत वरवर कापा. पालापाचोळा जाळू नका, आळ्यात पसरा. वरून वाफ कमी झाली की मीठही कमी वर येतं. कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकं आळ्यात ओतू नका, ती चांगल्या-वाईटात फरक करत नाहीत. डीएपी, म्हणजे भरपूर स्फुरद असलेलं रासायनिक खत, बंद. रोज थोडं थोडं पाणी देण्यापेक्षा काही दिवसांनी खोल मुरेल असं द्या.

ज्यांची शेती बारामती, इंदापूर, दौंडकडे कालव्याच्या पट्ट्यात आहे आणि जमीन क्षारपड झाली आहे, असे वाचकही हे सदर वाचतात. त्यांच्या बाबतीत जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आल्याने मीठ वर येतं, तेव्हा चर किंवा भूमिगत पाइपने निचरा आधी, जिप्सम नंतर आणि मायकोरायझा त्याहून नंतर. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था 2009 पासून आहे, नीरेजवळचं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र तर 1932 पासून. तिथे जाऊन विचारलेलं केव्हाही चांगलं. बांधावर बाभूळ, करंज, हादगा लावताना मात्र रोपवाटिकेतच पिशवीत बुरशी द्या, वर सांगितलेले प्रयोग नेमके तसेच आहेत.

माळीमामांचं. तुम्ही लिहिलं आहे की ते दोन वर्षांपासून "पाणी मचूळ आहे, खत घालून काय होणार" असं म्हणत आहेत आणि कमिटीने ते कामचुकारपणाचं निमित्त समजलं. पाणी चाखून त्यांनी जे सांगितलं ते खरं आहे की नाही हे आता प्रयोगशाळा सांगेल. तोवर त्यांना बदलण्याचा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊ नका, असं लेखी सुचवा. नमुने घेताना त्यांना बरोबर घ्या, कोणत्या आळ्यात पाणी साचतं आणि कुठे मुरतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. आरओ दुरुस्त करणारे वापरतात तसा छोटा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) घेऊन त्यांच्याकडे द्या आणि आठवड्यातून एकदा बोअर, टँकर आणि बागेच्या नळाचा आकडा वहीत लिहायला सांगा. सोडियम किती ते त्यावरून कळणार नाही, पण कोणत्या आठवड्यात पाणी बिघडलं ते कळेल, आणि टँकरवाल्याशी बोलताना ती वही कामाला येईल.

करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्यामुळे जुलैत निराश होऊ नका. पावसानंतरची नवी पालवी बघा, आणि तिचे काठ पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये कसे राहतात ते बघा. अहवाल आला की मातीचा पीएच, ईसी, विनिमयक्षम सोडियम आणि बागेच्या पाण्याचा एसएआर मला कळवा. जिप्सम लागेल की नुसत्या पावसावर भागेल, हे त्यावरून बोलता येईल.